याहू वेदर : एका देखण्या अ‍ॅपची आणि त्याने दिलेल्या साक्षीची परीक्षा

१८ एप्रिल २०१३ रोजी आयफोनसाठी प्रसिद्ध झालेले ‘याहू वेदर’ हे हवामानाचे अ‍ॅप उघडले की आधी दिसते ते स्क्रीनभर पसरलेले एक छायाचित्र. आपण निवडलेले शहर, तिथला त्या वेळचा प्रहर आणि आकाशाची स्थिती या तिन्हींशी शक्य तितके जुळणारे छायाचित्र फ्लिकर या याहूच्या तेव्हाच्या छायाचित्र-संकेतस्थळाच्या संग्रहातून आलेले असते. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत सकाळी धुके असेल, तर धुक्यातलेच सॅन फ्रान्सिस्को दिसावे, असा त्यामागचा प्रयत्न आहे. तळाशी पातळ रेषेच्या मोठ्या अंकांत तापमान असते आणि त्याच्या जोडीला दिवसाचे कमाल व किमान तापमान. बोटाने पान वर सरकवले की छायाचित्र हळूहळू धूसर होते आणि त्यावर तासागणिक अंदाज, पुढच्या दिवसांचा अंदाज, आर्द्रता, पावसाची शक्यता अशी माहिती उलगडत जाते. वाऱ्याच्या चौकटीत छोट्या पवनचक्क्या फिरत असतात आणि सूर्य एका कमानीवरून उगवतीकडून मावळतीकडे जातो. एका शहरावरून दुसऱ्यावर जाताना चित्र आणि अक्षरे वेगवेगळ्या गतीने सरकतात, त्यामुळे खिडकीतून बाहेर पाहत असल्याचा भास होतो.

हवामानाच्या अ‍ॅपकडून इतक्या देखणेपणाची अपेक्षा तेव्हा कोणी करत नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये त्याला अ‍ॅपलचा डिझाइन पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. गंमत अशी, की आयफोनमध्ये मुळापासून असलेले अ‍ॅपलचे हवामानाचे अ‍ॅपही तेव्हा याहूकडूनच माहिती घेत होते. म्हणजे आपणच पुरवलेल्या शिध्यावर याहूने यजमानापेक्षा सरस स्वयंपाक करून दाखवला. दोष काढायचाच तर हा, की ज्याला केवळ ‘छत्री घेऊ की नको’ एवढेच विचारायचे आहे, त्यालाही आधी चित्र पाहावे लागते आणि मग पान सरकवावे लागते. सौंदर्याला पहिला मान आणि उपयोगाला दुसरा, हा क्रम सर्वांनाच रुचेल असे नाही. तरीही केवळ अ‍ॅप म्हणून मी त्याला पाचपैकी साडेचार तारे देईन.

इतक्या वर्षांनी या आवृत्तीकडे पुन्हा वळण्याचे कारण मात्र तिच्या सौंदर्याच्या बाहेरचे आहे. अडचणीत सापडलेल्या तंत्रज्ञान कंपनीने घरून काम करण्याची सवलत बंद करावी का, या वादात या अ‍ॅपला साक्षीदार म्हणून उभे करण्यात आले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये याहूच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख जॅकी रिसेस यांचे कर्मचाऱ्यांना उद्देशून लिहिलेले अंतर्गत पत्र बाहेर फुटले. घरून काम करण्याची मुभा असलेल्या सर्वांनी जूनपासून याहूच्या कार्यालयात येऊनच काम करावे, असा त्यात आदेश होता आणि घरून काम करताना वेग व दर्जा यांचा अनेकदा बळी जातो, असे कारण दिले होते. केबल दुरुस्त करणाऱ्याची वाट पाहत एखादा दिवस घरी थांबावे लागणाऱ्यांनीही सहकार्याची भावना लक्षात ठेवून तारतम्य बाळगावे, अशी समजही त्यात होती. पूर्णवेळ घरून काम करणारे तेव्हा साधारण दोनशेच होते असे बातम्यांत आले. पण केबल दुरुस्तीच्या त्या वाक्यामुळे पत्राचा धाक हजारोंपर्यंत पोहोचला.

त्यानंतर एप्रिलमध्येच लॉस एंजेलिस येथील एका परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी मॅरिसा मायर यांनी आपली बाजू मांडली. माणसे एकटी असताना अधिक काम करतात हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. परंतु एकत्र असताना ती अधिक सहकार्याने वागतात आणि नवे काही घडवतात, असा त्यांचा मुद्दा होता. उदाहरण म्हणून त्यांनी नुकत्याच आलेल्या याच हवामानाच्या अ‍ॅपचे नाव घेतले.

हा दावा उडवून लावण्यासारखा नाही. छायाचित्र नेमके कोणत्या क्षणी धूसर व्हायला लागावे किंवा अंक चित्रावर किती ठळक दिसावेत, हे प्रश्न लेखी निरोपांतून सुटणे कठीण असते. रचनाकार आणि अभियंता एकाच टेबलाशी बसून, एकाच फोनवर बोट फिरवत, ‘अजून थोडे हळू’ असे म्हणतात तेव्हाच अशी गोष्ट साधते. हवामानाची माहिती एका विभागाकडे आणि छायाचित्रे २००५ मध्ये विकत घेतलेल्या फ्लिकरकडे, अशी विभागणी असलेल्या कंपनीत दोहोंची गाठ पडणे हीच मोठी गोष्ट होती. ती गाठ कार्यालयात पडली असेल, तर त्याचे श्रेय कार्यालयाला द्यायला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती तारखांची. आदेश लागू होणार होता जूनमध्ये, आणि अ‍ॅप आले एप्रिलमध्ये. जे काम घरून काम करण्याची मुभा असतानाच पुरे झाले, ते ती मुभा काढून घेण्याच्या बाजूने साक्ष कसे देणार? फार तर ते एवढेच सांगते, की ज्या गटाला एकत्र बसण्याची गरज होती तो आदेशाशिवायही एकत्र बसलेला होता.

दुसरी हरकत स्क्रीनवरच दिसते. या अ‍ॅपचा प्राण असलेली छायाचित्रे याहूच्या कार्यालयात तयार झालेलीच नाहीत. ती फ्लिकरच्या सभासदांनी आपापल्या शहरात, आपापल्या सोयीने काढली आणि ‘प्रोजेक्ट वेदर’ नावाच्या गटात आपणहून दिली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी कॅलिफोर्नियातील सनीव्हेलचे याहूचे मुख्यालय कधी पाहिलेही नसेल. दूर विखुरलेल्या माणसांनी केलेले काम एका सुसूत्र वस्तूत गुंफता येते, याचा इतका देखणा पुरावा त्या वर्षी दुसरा क्वचितच सापडेल, आणि तोच उलट्या बाजूने मांडला गेला.

मायर यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून कंपनीची तेव्हाची अवस्थाही सांगायला हवी. २००८ मध्ये कंपनी विकत घेण्यासाठी मायक्रोसॉफ्टने देऊ केलेले ४४.६ अब्ज डॉलर नाकारल्यापासून याहूची घसरण थांबली नव्हती. मुख्य कार्यकारी अधिकारीपदावरून जेरी यँग गेले, कॅरोल बार्ट्झ आल्या आणि गेल्या, स्कॉट थॉम्पसन तर जानेवारी २०१२ मध्ये येऊन मे महिन्यातच गेले. जुलै २०१२ मध्ये मायर आल्या तेव्हा वाहनतळ रिकामे दिसत आणि घरून काम करणारे काही जण कंपनीच्या व्हीपीएनवर (घरून कार्यालयाच्या संगणकजाळ्याशी जोडणाऱ्या सुरक्षित दुव्यावर) पुरेसे येत नाहीत असे नोंदींवरून आढळले, असे वृत्त होते. नेतृत्व सतत बदलत असेल तर माणसे घरी काय किंवा कार्यालयात काय, अंग चोरायला शिकतातच. मायर यांनी मोफत जेवण सुरू केले, दर शुक्रवारी सर्व कर्मचाऱ्यांची सभा भरवली आणि निरर्थक नियम शोधून काढून टाकण्याची मोहीम चालवली. या गोष्टी माणसांना कार्यालयाकडे ओढणाऱ्या होत्या. त्यांचा परिणाम दिसायला वेळ देण्याऐवजी आदेश आला, आणि नुकसानभरपाई न देता माणसे कमी करण्याचा हा मार्ग असल्याचा संशय तेव्हाच व्यक्त झाला.

याच विषयावरील एक शिस्तबद्ध प्रयोग पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी पर्यटन कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने केलेल्या या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. फोन घेण्याचे काम आणि अ‍ॅप घडवण्याचे काम एक नव्हे, म्हणून हा आकडा याहूवर जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही. मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो : प्रयोगानंतर जागा निवडण्याची मोकळीक दिली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपली निवड बदलली आणि लाभ जवळपास २२ टक्क्यांवर गेला. कोणाचे काम कुठे चांगले होते हे काम करणाऱ्याला अनुभवाने कळते. सरसकट पत्र काढणाऱ्याला ते कळण्याची शक्यता कमी.

अ‍ॅपला साडेचार तारे देणारा मी आदेशाला दोनच देईन, आणि तेही वाहनतळाची दखल घेतल्याबद्दल. जून उलटल्यानंतर काय झाले ते याहू मेलमध्ये दिसते. ऑक्टोबर २०१३ मध्ये मेलची नवी रचना आली आणि तिच्यात लोकांच्या सवयीचे टॅब काढून टाकले होते, त्यावरून वापरकर्ते संतापले. डिसेंबरमध्ये यंत्रणेतील बिघाडामुळे काही वापरकर्त्यांची मेल कित्येक दिवस बंद राहिली आणि मायर यांना जाहीर क्षमा मागावी लागली. या दोहोंच्या मधे, नोव्हेंबरमध्ये, आणखी एक अंतर्गत पत्र फुटले. कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन कामासाठी मायक्रोसॉफ्टचे आउटलुक सोडून याहूचीच मेल वापरावी असे कंपनीने सुचवले होते, आणि तोवर अवघ्या २५ टक्के कर्मचाऱ्यांनी ते मनावर घेतले होते. तोपर्यंत सर्वांना कार्यालयात आणण्याचा आदेश लागू होऊन पाच महिने झाले होते.