नाझारेच्या पुळणीवरची सुकी मासळी

मी गोव्यातल्या म्हापशाची. सासूबाईंबरोबर शुक्रवारच्या बाजारात सुकी मासळी पारखण्यात वर्षं गेली, त्यामुळे मुलाने लिस्बनहून पोर्तुगालमधल्याच नाझारे या किनाऱ्यावरच्या गावी नेलं तेव्हा माझे पाय आधी तिकडेच वळले. बसने दोन तासही लागत नाहीत.

पुळणीवरच लाकडी चौकटींना जाळी ताणून मांडलीय. पोट चिरून, साफ करून, मिठाच्या पाण्यातून काढलेला कारापाव, तारले, अख्खा ऑक्टोपस, सगळं उन्हाला पसरलेलं. कारापाव म्हणजे आपल्या बांगड्यासारखाच, पण अंगाने सडपातळ. जाळी वाळूपासून उंच, म्हणून वारा खालूनही लागतो. एक तुकडा चावून पाहिला, दाताखाली जराही कचकच नाही. आपल्याकडे वाळूवर सुकवलेला बांगडा कितीही धुवा, वाळू जात नाही. ही जाळी आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांनी करून बघावी, असं मला फार वाटतं.

विकणाऱ्या बायका वयस्क. काहींच्या अंगावर जुन्या पद्धतीचे, एकावर एक घातलेले आखूड घागरे. सात असतात म्हणे. मी बोटांनीच सांगितलं, त्यांनी निवडून दिलं, एक मऊ निघाला तो स्वतःच बाजूला काढला. इथे बंदर झालं ते १९८०च्या दशकात. त्याआधी होड्या थेट वाळूवरून लोटायच्या, परत आल्या की बैलांनी ओढून वर घ्यायच्या. थंडीत समुद्र खवळला की घरात खायला हीच मासळी. मला आपले जून-जुलैचे मासेमारी बंदीचे ६१ दिवस आणि पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या सुक्या जिनसांचे डबे आठवले.

वर कड्यावरच्या वस्तीत जायला १८८९ पासूनची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची रेल्वे आहे. गुडघे दुखतात त्यांनी चढायचा हट्ट करू नये. दीपगृहाच्या किल्ल्यावरून समुद्र बघा. तळाशी खोल दरी आहे, तिच्यामुळे हिवाळ्यात डोंगराएवढ्या लाटा येतात. आम्ही सप्टेंबरात गेलो, पाणी शांत होतं.

जेवण मात्र पुळणीसमोरच्या हॉटेलात घेऊ नका. न मागता पाव आणि ऑलिव्ह पुढ्यात ठेवले आणि बिलात लावले. नको असतील तर तिथल्या तिथे परत करायचे, हे मला नंतर कळलं.

लिस्बनला मुलाच्या खोलीवर कारापाव भाजून किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर केली, नारळ तिथल्या दुकानातला, आमसुलं घरून नेलेली. मीठ जड झालं. अर्धा तास पाण्यात ठेवून मग भाजा. दुसऱ्या खेपेला तशीच केली, मुलाने पातेलं पुसून खाल्लं.