कोब्रा की सेव्हन? घरच्या गॅरेजमध्ये बांधायची गाडी निवडताना

ब्रिटनमध्ये घरी स्पोर्ट्स कार बांधायचं मनावर घेतलं की यादी कितीही लांब असली तरी बहुतेकांपुढे शेवटी दोनच नावं उरतात, कोब्रा आणि सेव्हन. स्टोनलीच्या किट कार (सुटे भाग आणून स्वतः जोडायच्या गाड्या) प्रदर्शनात मी पहिल्यांदा फिरलो तेव्हाही सगळ्यात जास्त गर्दी याच दोन गाड्यांभोवती होती. इथल्या मराठी मंडळींपैकी काही जण अलीकडे मला हाच प्रश्न विचारताहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेव्हनच्या वळणाची गाडी मी स्वतः बांधली आहे आणि ती वापरतो. कोब्रा माझी नाही, पण एका जवळच्या मित्राची कोब्रा उभी राहत होती तेव्हा माझे बहुतेक शनिवार त्याच्या गॅरेजमध्ये गेले. त्यामुळे दोन्ही गाड्यांचे नटबोल्ट हातांना माहीत आहेत. वेग, वजन, इंजिनची ताकद हे आकडे तुम्ही आधीच पाहिलेले असणार, त्यात मी शिरत नाही.

या दोन गाड्यांचा जन्म कसा झाला ते मात्र पाहायलाच हवं, कारण गॅरेजमधल्या सगळ्या अडचणी तिथूनच सुरू होतात. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन आणली, तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा आणि सुट्या भागांत घेतली तर तो वाचायचा. गिऱ्हाईक आपल्या अंगणात पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसेल, हे गृहीत धरूनच या गाडीची विक्री झाली. पोलादी नळ्यांची चौकट, त्यावर ॲल्युमिनियमचे जवळपास सपाट पत्रे, आणि जिथे गोलाई टाळता येत नाही तिथे म्हणजे नाकावर आणि चाकांवरच्या पंखांवर पुढे फायबरग्लास आलं. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला, त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीला दिले, आणि गाडी आजतागायत बनते आहे. तिच्या वळणावर बेतलेली इतरांची किटंही भरपूर आहेत.

कोब्राचं तसं नाही. १९६२ मध्ये अमेरिकन रेसर कॅरल शेल्बीने इंग्लंडमधल्या टेम्स डिटनच्या एसी या मोटार कंपनीच्या गाडीत फोर्डचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. त्या गाडीचं ॲल्युमिनियमचं अंग, म्हणजे बॉडी, कसलेल्या कारागिरांनी हातांनी ठोकून घडवलेलं असायचं. कुठे किती फट ठेवायची, कुठली कड किती दाबायची, हे त्यांच्या डोळ्यांत बसलेलं होतं. आपण घेतो ती त्या अंगाची फायबरग्लासमधली प्रतिकृती, आणि कारागिराच्या डोळ्यांचं काम आपल्यावर येऊन पडतं.

आधी कोब्राच्या बाजूचं सगळं मान्य करतो. बांधून झालेली कोब्रा समोर उभी असली की दुसरीकडे नजर जात नाही. मागच्या चाकावरून वर चढणारी ती गोलाई सेव्हनमध्ये कुठेच नाही. व्ही-८ सुरू झालं की छातीत जाणवतं. बसायला प्रशस्त आहे, मागे डिकी आहे, दोघांचं दोन दिवसांचं सामान मावतं. पुण्याहून आई-बाबा आले होते तेव्हा मित्राने आईला कोब्रातून गावभर फिरवलं, साडी नेसून ती आरामात आत बसली आणि उतरली. माझ्या गाडीत बसायचं म्हणजे काठावरून पाय आत टाकायचा, सीटवर उभं राहायचं आणि मग स्वतःला खाली सोडायचं. आईने नुसतं पाहिलं आणि नको म्हणाली. घरात वयस्कर माणसं असतील आणि त्यांना या गाडीतून फिरवायचं स्वप्न असेल, तर ही बाब वजनदार आहे, मी ती कमी लेखणार नाही.

आता ज्या गोष्टीवर माझा निर्णय झाला त्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे दारं.

कोब्राचं दार लहानसं असतं. बाहेरचं आणि आतलं अशी फायबरग्लासची दोन कवचं चिकटवून ते तयार होतं. पुढच्या बाजूला दोन बिजागऱ्या असतात, त्या पोलादी चौकटीला धरलेल्या, आणि मागे खटका. ऐकायला सोपं वाटतं. पण पुढच्या पंखावरून निघालेली रेषा दारावरून जाऊन मागच्या चाकाच्या गोलाईत मिसळते, त्यामुळे दार वर-खाली, पुढे-मागे आणि आत-बाहेर अशा तिन्ही दिशांनी बरोबर बसावं लागतं. फट सगळीकडे सारखी हवी, चार-पाच मिलिमीटरच्या आसपास. कुठे एका मिलिमीटरचा फरक पडला तरी रंग दिल्यावर तो लांबूनही दिसतो, कारण चकचकीत रंगातली प्रतिबिंबं तिथे तुटतात.

मित्राकडे गाडी स्टँडवर असताना दारं सुरेख बसली होती. चाकांवर उतरवली, इंजिन-गिअरबॉक्सचं वजन आलं, आणि डाव्या दाराचा मागचा वरचा कोपरा अंगाला घासू लागला. बिजागरीखाली पातळ पट्ट्या सरकवल्या, तर खालची फट वाढली. ती भरायला काठावर रेझिन आणि फायबरग्लासच्या चटईचे थर चढवले, वाळल्यावर घासले. मग खटका लागेना. खटक्याची जागा सरकवली, तर दार बंद झालं की अंगाच्या थोडं आत जाऊ लागलं. एक सुधारलं की दुसरं बिघडायचं, असं कितीतरी आठवडे चाललं. अंग चॅसीवर पक्कं बोल्ट करा, इंजिन आत घ्या, गाडी चाकांवर उभी करा आणि मगच दाराला हात लावा, हा खरा क्रम. किटबरोबर आलेल्या पुस्तिकेत तो कुठेही नव्हता.

आणि ती धूळ! फायबरग्लास घासल्यावर उडणारी भुकटी मनगटात, मानेवर, मोज्यांच्या कडेला शिरते आणि रात्री झोपू देत नाही. मास्क आणि पूर्ण अंगभर सूट घालूनही ती कपड्यांबरोबर घरात येते. ब्रिटनमधलं गॅरेज बऱ्याचदा स्वयंपाकघराला लागून असतं, मधे एकच दरवाजा. लहान मुलं असलेल्या घरात हे काम महिनोन्‌महिने करणं मला जमलं नसतं. दारंच नव्हे, साच्याचे भाग जुळतात तिथे अंगावर उभे राहिलेले सगळे सांधे घासून काढावे लागतात, पुट्टी भरावी लागते, प्रायमर मारून पुन्हा घासावं लागतं. पण सांधे एकदा घासले की संपले. दारं संपत नाहीत.

रंग झाल्यावर त्याच्या जाडीमुळे फट पुन्हा बदलते. गाडी काही हजार मैल चालली, कुणी उघड्या दारावर हात टेकून उभं राहिलं, की बिजागरी किंचित बसते. मित्राच्या गाडीचं डावं दार उन्हाळ्यात कधी कधी घासतं आणि थंडीत इंजिन मंद गतीला असताना खडखडतं. त्याने ते स्वीकारलं आहे आणि गाडीवर त्याचं मनापासून प्रेम आहे. कदाचित माझ्याच डोळ्याला ते जास्त खुपत असेल. पण रोज हात लागतो ती जागाच सगळ्यात नाजूक असावी, हे मला काही पटलं नाही.

सेव्हनला दारंच नाहीत. पावसासाठी विंडस्क्रीनच्या खांबावर अडकवायचे रेक्झिनचे पडदे मिळतात, ते लावले नाहीत तरी गाडी पूर्ण असते.

तशीच गोष्ट देखभालीची. माझ्या गाडीचं बोनेट चार खटके सोडले की उचलून भिंतीला टेकवून ठेवता येतं, नाकाचा भाग पाव फेऱ्यात सुटणाऱ्या स्क्रूंनी निघतो आणि पुढचं सगळं यंत्र उघडं पडतं. ऑइल, प्लग, ब्रेक, रेडिएटर, सगळ्याला सरळ हात पोहोचतो. मित्राला एक्झॉस्टच्या बाजूचे प्लग काढताना कोपर वाकवून, अंदाजानेच पाना फिरवावा लागतो. व्ही-८ची उष्णता पायांच्या कप्प्यातही येते. बाजूने जाणारे एक्झॉस्ट पाइप दिसायला कितीही देखणे असले तरी उतरताना पोटरी भाजली नाही असा कोब्रावाला मला अजून भेटायचा आहे.

सेव्हनचे तिच्या परीने त्रास आहेत, ते लपवत नाही. पोलादी नळीवर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट केला, मधे ओल शिरली, की दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो आणि पत्र्याखालून पांढरी भुकटी फुटते. रिव्हेट मारण्याआधी सांध्यात खास पेस्ट लावणं आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकलं की गाडी बाहेर न काढणं, हे दोन नियम मी पाळतो. गाडी कडक आणि हलकी असल्याने नटबोल्ट सैल होतात, वसंत ऋतूत एकदा सगळे तपासावेच लागतात. इंजिनचा तळ जमिनीला इतका जवळ की रस्त्यावरचे गतिरोधक तिरपे ओलांडावे लागतात. पेडल इतके जवळजवळ की रुंद बूट चालत नाहीत. मोटरवेवर ट्रकच्या चाकाची टोपी तुमच्या कानाशी फिरत असते, हे काहींना अजिबात सहन होत नाही. विकत घेण्याआधी कुणाच्या तरी गाडीत शेजारी बसून पाहा.

इंजिन-गिअरबॉक्ससाठी मी जुनी माझ्दा एमएक्स-५ घेतली, खालून सडलेली पण यंत्र ठणठणीत असलेली. एकाच गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चाकांचे हब आणि वायरिंग मिळालं. वायरिंगमधल्या नको त्या तारा काढणं किचकट आहे, पण ते टेबलावर बसून, चहा घेत करता येतं. कोब्राच्या वायरिंगमध्ये वेगळीच अडचण आहे. फायबरग्लासमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी तार चॅसीपर्यंत न्यावी लागते, आणि पुढे कधी एखादा दिवा मंद झाला तर दहापैकी नऊ वेळा तिथेच पाहावं लागतं. सेव्हनमध्ये हे मागच्या पंखांपुरतंच असतं.

सरकारी तपासणी, म्हणजे आयव्हीए, दोघींनाही चुकत नाही. तिथे बाहेरच्या कडांना किमान अडीच मिलिमीटरची गोलाई हवी. शंभर मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे जिथे टेकतो तिथे हा नियम लागू. कोब्रावर आरशापासून बोनेटच्या मुठीपर्यंत सगळं पाहिलं जातं, चाकांचे कान असलेले नट चालत नाहीत. सेव्हनवर सस्पेन्शनचे बोल्ट आणि दिव्यांचे दांडे पाहतात, तिथे रबरी पट्टी आणि टोप्या पुष्कळ लागतात. या बाबतीत मला दोघी बरोबरीच्या वाटल्या. ज्या गाडीतून भाग काढले तिचे कागद मात्र जपून ठेवा. गाडीचं वय सिद्ध करता आलं नाही तर क्यूने सुरू होणारी नंबरप्लेट मिळते, आणि इंजिन कोणत्या वर्षाचं यावर धुराची अट ठरते.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी एवढंच, की घरी बांधलेली एखादीच गाडी तपासून रस्त्यावर आणायची अशी सरळ वाट तिथे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणी झालेल्या गाडीत मोठे बदल करणंही अवघड आहे. मनाची तयारी त्या हिशेबाने ठेवा.

तिसरा पर्याय म्हणून काही जण फोक्सवॅगन बीटलच्या तळावर बांधलेली पोर्शे ३५६ स्पीडस्टरची प्रतिकृती सुचवतात. यंत्र साधं, भाग स्वस्त, गाडी गोड. पण बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४०० मिलिमीटर आणि ३५६चा २१००, म्हणजे तळाची फरशी जवळपास एक फूट कापून पुन्हा वेल्ड करावी लागते. आणि दारं तिलाही आहेतच.

जागेचा विचार करायचा तर आमच्यासारखं जुनं आठ फूट रुंदीचं गॅरेज असेल, तर कोब्रा आत ठेवून तिचं दार पूर्ण उघडता येत नाही. दार बसवायचं काम मग बाहेर, इंग्लंडच्या हवेत. सेव्हनच्या दोन्ही बाजूंनी मला कमरेवर हात ठेवून फिरता येतं.

हे सगळं वाचूनही मन कोब्राकडेच ओढत असेल तर मी अडवणार नाही, ती ओढ मला समजते. फक्त एक करा. काही किट विक्रेते जादा पैसे घेऊन दारं, बोनेट आणि डिकी बसवूनच अंग पाठवतात. तो पर्याय असेल तर घ्या, त्यासाठी इंजिन एक पायरी लहान घ्यावं लागलं तरी चालेल. इंजिन पुढे कधीही बदलता येतं. आणि अंग ताब्यात घ्यायला स्वतः जा, गाडी चाकांवर उभी असताना दोन्ही दारं तुमच्या हाताने दहा वेळा उघडून-लावून पाहा, मगच उरलेले पैसे द्या. सेव्हन घेतलीत तर चौकट घरी आल्या दिवशीच सांध्याच्या पेस्टचे दोन डबे मागवा. पहिला पत्रा रिव्हेट करायच्या आत ते हाताशी हवेत.