टाचेला सुई टोचताना: साखरेचे थेंब की आईची छाती?

एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळाची रक्तातली शुगर बघायला टाचेला सुई टोचतात, कधी दिवसातून अनेकदा. दुखणं चेहऱ्यावर दिसतं: कपाळाला आठ्या, डोळे घट्ट मिटलेले, हाताची बोटं फाकलेली.

24 टक्के सुक्रोजचे, म्हणजे साखरेच्या पाण्याचे, थेंब टोचण्याआधी साधारण 2 मिनिटं जिभेवर सोडले की बाळ कमी रडतं. परिणाम मात्र काही मिनिटांचाच. (आजीबाई, मध मात्र नको हं, वर्षाच्या आत तो धोक्याचा.)

कांगारू पद्धतीत बाळ फक्त टोपी-डायपरवर आईच्या उघड्या छातीशी, पाठीवर पांघरूण. 15 मिनिटं आधी घेतलं आणि टोचतानाही तसंच ठेवलं, तर रडू लवकर थांबतं. ऊब मिळते, आईला दूधही चांगलं येतं. माझा कौल यालाच. पण सिझेरियन झालेली आई मुंब्र्याहून लोकलच्या गर्दीत रोज ठाण्याला येणार कशी? मग बाबांनी शर्टाची बटणं काढावीत, त्यांचीही छाती चालते. रात्री दोघंही नसले तर थेंब आहेतच. सिस्टरने हातपाय पोटाशी अलगद धरले तर आणखी बरं. छातीत नळी घालण्यासारख्या मोठ्या प्रकाराला यातलं काहीच पुरत नाही, तिथे वेदनाशामक औषधाबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.