प्री-अल्जेब्रा घरी शिकवताना: खान अकॅडमी, बालभारतीची पुस्तकं आणि कॅरमच्या सोंगट्या (जून ते मार्च वापरानंतरचा अनुभव)

लेक तेरा वर्षांची आहे. चौथीनंतर ती शाळेत गेलेली नाही, घरीच शिकते. वाचन, इतिहास, विज्ञान यांत तिला मागे लागावं लागत नाही. गणितात मात्र गेल्या वर्षी गाडी साफ अडली. वही उघडली की चेहरा उतरायचा, आणि ‘मला गणित जमणारच नाही’ हे वाक्य घरात रोजचं झालं. जूनपासून आम्ही तीन गोष्टी एकत्र वापरतोय: खान अकॅडमीचा प्री-अल्जेब्रा कोर्स, बालभारतीची सहावी-सातवीची गणिताची पुस्तकं आणि घरातला कॅरम. आता मार्च उजाडलाय. घरी शिकवणारे ओळखीतले पालक वारंवार विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

प्री-अल्जेब्रा हा अमेरिकन शाळांतला विषय. तिथे साधारण सातवी-आठवीत, अंकगणित संपवून बीजगणितात शिरण्याआधी तो शिकवतात. आपल्याकडे या नावाचा वेगळा विषय नाही, पण मजकूर तोच सहावी ते आठवीच्या पुस्तकांत विखुरलेला आहे: पूर्णांक, अपूर्णांक, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, घातांक, पदावली (एकाच ओळीत अनेक क्रिया असलेली मांडणी), एका चलातली (एकच अज्ञात संख्या असलेली) समीकरणं. लेकीला पुढे एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी द्यायची आहे. तिथे गणित सक्तीचं नाही, विषय निवडता येतात. पण तिला विज्ञानाकडे जायचंय, म्हणजे गणित सोडून भागणार नाही. चौदा पूर्ण झाल्यावर प्रवेश घेता येतो आणि परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्यामुळे अमुक महिन्यापर्यंत अमुक धडा झालाच पाहिजे, अशी तलवार डोक्यावर नव्हती. मागे जाऊन पाया पक्का करायला वेळ मिळाला तो यामुळेच.

आधी खान अकॅडमीबद्दल. ही विनानफा संस्था आहे, धडे आणि सराव फुकट आहेत. सल खान यांनी २००४ मध्ये नात्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलीला फोनवरून गणित शिकवायला घेतलं. ती एककांच्या रूपांतरात अडकली होती. त्यातून पुढे २००८ मध्ये ही संस्था उभी राहिली. लेकीला मी हे सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, ‘म्हणजे तिलाही जमत नव्हतं?’ त्या दिवशी ती जरा मोकळेपणाने बसली.

कोर्सची सुरुवात अवयव आणि पटींपासून होते. मग गुणोत्तर, शेकडेवारी, घातांक, चल आणि राशी, एका पायरीची, दोन पायऱ्यांची, मग अनेक पायऱ्यांची समीकरणं, आणि शेवटाकडे दोन चलांची समीकरणं. आम्ही पहिल्या धड्यापासून सुरुवात केली नाही. आधी कोर्स चॅलेंज सोडवायला लावलं. त्यात सगळ्या धड्यांतले प्रश्न मिसळून येतात. मार्क किती मिळाले याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. कुठल्या प्रश्नावर तिचा हात थांबतो ते मी शेजारी बसून कागदावर टिपत गेलो.

त्या कागदावर जे उतरलं त्यामुळे पुढच्या सगळ्या महिन्यांची दिशा ठरली. क्ष असलेले बरेच प्रश्न तिने बरोबर सोडवले होते. चुकले ते अपूर्णांक, ऋण संख्या आणि पदावली असलेले. म्हणजे ‘बीजगणित जमत नाही’ असं आम्ही सगळे म्हणत होतो, तेव्हा अडचण बीजगणिताच्या आधीची होती. आपल्या मुलाबद्दल असं कुणी म्हणत असेल तर आधी हे तपासा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या माहितीवरून दाखवलं होतं की दहाव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती पक्के आहेत, यावरून सोळाव्या वर्षीच्या बीजगणिताचा अंदाज बांधता येतो. बुद्ध्यांक आणि घरचं उत्पन्न हिशेबात धरूनही.

ऋण संख्यांसाठी कॅरम काढला. सोंगट्या पांढऱ्या नऊ, काळ्या नऊ. पांढरी म्हणजे अधिक एक, काळी म्हणजे उणे एक, आणि एक पांढरी व एक काळी मिळून शून्य. बेरीज लगेच बसली. खरी परीक्षा वजाबाकीची: −३ − (−५). पाटावर तीन काळ्या आहेत आणि त्यातून पाच काळ्या काढायच्या आहेत. लेक बघत राहिली. ‘पण पाच नाहीतच.’ मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःच दोन जोड्या आणून ठेवल्या, दोन पांढऱ्या आणि दोन काळ्या. शून्यच मिळवलंय, किंमत बदललेली नाही. आता काळ्या पाच झाल्या. त्या उचलल्या. पाटावर दोन पांढऱ्या उरल्या. उत्तर अधिक दोन. ‘दोन उणे मिळून अधिक’ हे तिने आधी पाठ केलेलं होतं आणि ते ती बेरजेतही लावायची, −३ + (−५) चं उत्तर ८ लिहायची. सोंगट्या हाताळल्यानंतर ती चूक हळूहळू गेली, मला ओरडावं लागलं नाही. नऊच्या पुढच्या संख्यांना सोंगट्या पुरत नाहीत, तिथून संख्यारेषेवर यायचं.

गुणाकाराला सोंगट्या फारशा उपयोगी पडल्या नाहीत. तिथे एकाखाली एक ओळी लिहिल्या: ३ × (−४) = −१२, २ × (−४) = −८, १ × (−४) = −४, ० × (−४) = ०. उत्तर दर वेळी चारने वाढतंय. मग (−१) × (−४) किती? ती म्हणाली, ‘चारच यायला पाहिजे, नाहीतर क्रम तुटतो.’ ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात हे नियम संपत्ती आणि कर्जाच्या भाषेत दिलेत, दोन ऋणांचा गुणाकार धन येतो हेही त्यात आहे. आणि अठराव्या शतकातही युरोपातले काही गणिती ऋण संख्येला संख्या मानायला तयार नव्हते. हे तिला मुद्दाम सांगितलं. ज्यावर मोठमोठी माणसं अडखळली तिथे आपण अडखळलो तर त्यात लाज कसली, हे तिच्या मनात उतरायला हवं होतं.

पदावलीत वेगळीच गंमत झाली. क्रिया कुठल्या क्रमाने करायच्या यासाठी मी कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) शिकलेला, ती व्हिडिओतून पेमडास (कंस, घात, गुणाकार, भागाकार, बेरीज, वजाबाकी यांची इंग्रजी आद्याक्षरं) शिकलेली. दोन्हींत एकेक खड्डा आहे. पेमडासमध्ये गुणाकार आधी येतो, म्हणून मुलं २४ ÷ ४ × २ मध्ये आधी ४ × २ करतात आणि ३ लिहितात. कंचेभागुबेवमध्ये बेरीज आधी, म्हणून १० − ४ + ३ मध्ये आधी ४ + ३ करून उत्तर ३ काढतात. बरोबर उत्तरं १२ आणि ९. गुणाकार-भागाकार एकाच पायरीवर, बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, आणि त्या डावीकडून उजवीकडे करायच्या, हे लक्षात राहिलं तर कुठलंही सूत्र चालेल.

आता सगळ्यात खोल रुतलेली गोष्ट: बरोबरचं चिन्ह. लेक ओळ लिहायची ती अशी: १२ + ८ = २० ÷ ४ = ५. शेवटचं उत्तर बरोबर, पण ओळ सांगते की २० आणि ५ सारखेच. तिच्यासाठी ते चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ अशी सूचना होती. गणितशिक्षणात एक प्रसिद्ध प्रश्न आहे: ८ + ४ = □ + ५. चौकटीत काय? पुष्कळ मुलं १२ लिहितात, काही १७. तिनेही १२ लिहिलं. तुमच्या मुलालाही हा प्रश्न आजच विचारून बघा. इथे ७ आलं नाही तर समीकरणांना हातच लावू नका. आम्ही जवळजवळ सगळा ऑगस्ट यावर घालवला आणि तो सत्कारणी लागला असं मी म्हणेन. रोज पाच-सात ओळी: बरोबर की चूक? ७ = ७. ९ = ४ + ५. ६ + २ = ३ + ५. ‘९ = ४ + ५’ ही ओळ तिला उलटी, चुकीची वाटायची. त्या एका ओळीवर आमचा बराच वाद झाला.

त्याला जोडूनच ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’. आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेला हा नियम मी घरात बंद केला. ५क्ष = २० या समीकरणाचं तिने क्ष = २० − ५ = १५ असं उत्तर काढलं होतं. पाच पलीकडे गेला, चिन्ह बदललं, नियम पाळलाच की! बालभारतीच्या पुस्तकात समीकरण तराजूने समजावलंय आणि खान अकॅडमीतही दोन्ही बाजूंना तीच क्रिया करायला लावतात. त्यामुळे दोन्हीकडून तिला एकच गोष्ट ऐकू आली. आता ती प्रत्येक पायरीला समासात लिहिते: ‘दोन्ही बाजूंना ५ ने भागलं’. आणि शेवटी ताळा. क्षच्या जागी उत्तर घालून दोन्ही बाजू मोजायच्या. १५ घातले तर ७५ येतात, २० नाही. ताळ्याची सवय लागल्यावर ‘बाबा, बरोबर आहे का?’ हे विचारणं खूप कमी झालं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त आनंद त्याचा आहे.

अपूर्णांकांना वेळ लागला आणि अजूनही लागतोय. २/३ ÷ १/६ साठी कागदाची पट्टी सहा भागांत दुमडली. दोन तृतीयांश म्हणजे त्यातले चार भाग, म्हणून उत्तर ४. उलटा करून गुणायचं ते नंतर. क्ष/३ + १/२ = २ अशा समीकरणात ती सहाने गुणताना उजवीकडचा २ विसरते. बरोबर गुणलं की २क्ष + ३ = १२, म्हणून क्ष = ९/२. उत्तर अपूर्णांकात आलं की तिला अजूनही चुकल्यासारखंच वाटतं. तेव्हाही ताळाच कामी येतो.

साधन म्हणून खान अकॅडमीचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे कौशल्यानुसार पातळ्या. सराव झाला की पातळी चढते, नंतरच्या मिसळलेल्या चाचणीत तेच चुकलं की उतरते. ‘हे मागच्या महिन्यात झालं होतं’ ही सबब चालत नाही. पालकाचं खातं वेगळं असतं, त्यातून मुलाने काय केलं ते दिसतं. पण कुठलंही ऑनलाइन साधन मुख्यतः उत्तर तपासतं. वहीतली पायरी बघायला माणूसच लागतो. १२ + ८ = २० ÷ ४ ही ओळ स्क्रीनवर कधीच दिसली नसती. म्हणून आमचा नियम असा: स्क्रीनवर प्रश्न, वहीत उत्तर, आणि चूक झाली की व्हिडिओआधी वही. मुलाला मोबाइल देऊन पालक दुसऱ्या खोलीत जाणार असतील तर मी हा कोर्स सुचवणार नाही.

बालभारतीची पुस्तकं पुण्यातल्या आप्पा बळवंत चौकातून आणली. ती पीडीएफमध्येही फुकट मिळतात. छापील पुस्तकातले सरावसंच छोटे आहेत, पान संपतं, मुलाला काहीतरी पूर्ण केल्याचं समाधान मिळतं. शेकडेवारी, नफा-तोटा आणि सरळव्याज इथलंच करावं, उदाहरणं आपल्या व्यवहारातली आहेत. लक्ष्मी रोडवरच्या ‘२० टक्के सूट, वर आणखी १० टक्के’ या पाटीचा हिशेब लेकीने तिथेच उभ्या उभ्या केला: शंभराचे ८०, ऐंशीचे ७२. सूट २८ टक्के, ३० नाही.

याआधी एक पैसे भरून घ्यायचं अॅप वापरलं होतं. नाव लिहीत नाही. त्यात नाणी, बक्षिसं, घड्याळ असं सगळं होतं. घड्याळ उलटं धावायला लागलं की लेक अंदाजपंचे उत्तरं दाबायची. घाबरलेल्या मुलाला वेळेची शर्यत लावू नये, हे माझं ठाम मत आहे.

आज स्थिती अशी आहे. पूर्णांक, पदावली आणि दोन पायऱ्यांची समीकरणं पक्की. शेकडेवारी चांगली. अपूर्णांक असलेली समीकरणं निम्मी जमतात. शाब्दिक उदाहरणांत समीकरण मांडायला अजून हात धरावा लागतो. कोर्समधला दोन चलांचा भाग आम्ही मुद्दाम बाजूला ठेवलाय. रोज सकाळी चाळीसेक मिनिटं, त्यातली पहिली दहा जुन्याच्या उजळणीला. रडारड थांबलीय.

खर्च म्हणाल तर पुस्तकं आणि वह्या, बस. इंग्रजी व्हिडिओ मुलाला झेपत नसतील तर पुस्तकापासून सुरुवात करा, कोर्स फक्त सरावाला घ्या. आणि एनआयओएसची येत्या ऑक्टोबरची परीक्षा द्यायची असेल तर ८ + ४ = □ + ५, −३ − (−५) आणि २/३ ÷ १/६ हे तीन प्रश्न मुलाला याच आठवड्यात कागदावर सोडवायला द्या. जो अडेल तिथून सुरुवात.