निवड झाली की निवड केली?

आमच्या घरी दारातून आत शिरताना डाव्या हाताला एक लाकडी पाटी आहे : ‘मी आणि माझे घराणे परमेश्वराची सेवा करणार.’ यहोशवाच्या 24व्या अध्यायातलं वचन. मराठी ख्रिस्ती घरांत ही पाटी तुम्ही पाहिलीच असेल. पाटीवर वचनाचा शेवट असतो. त्याच्या आधी यहोशवा लोकांना म्हणतो, कोणाची सेवा करायची ते आज निवडा.

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली आणि चप्पल काढता काढता पाटीकडे बघून म्हणाली, “मामा, योहान 15:16 मध्ये येशू म्हणतो, तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं. मग माझी निवड झालीय की मी निवड केलीय?”

ती पुण्यात शिकते. तिथला तिचा शास्त्राभ्यासाचा गट पक्का कॅल्व्हिनच्या (सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक) वळणाचा, म्हणजे ‘निवड झाली’ म्हणणारा, आणि आमची घरची मंडळी मेथडिस्ट, म्हणजे ‘निवड करायची असते’ म्हणणाऱ्या आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या बाजूची. त्या गटात कायम व्हायचं की नाही, हे तिला ठरवायचं होतं. तिच्याशी दोन रात्री बोललो, ते इथे जरा नीट लावून लिहितो.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. ‘देवाचं पूर्वनियोजन’ म्हटलं की मराठी कानाला सटवाई ऐकू येते. पाचवीच्या रात्री येऊन कपाळावर लिहून गेली, आता लग्न, नोकरी, अपघात सगळं त्याप्रमाणे. कॅल्व्हिन हेही मानतो की जगात देवाच्या हाताबाहेर काही घडत नाही, पण पूर्वनियोजन या शब्दाचा त्याच्याकडचा विषय तारणाचा आहे : देवाशी समेट कोणाचा होणार आणि का. प्रारब्धाशीही याची गल्लत नको. प्रारब्ध म्हणजे आपल्याच कर्माचं फळ, आणि इथे तर सगळा जोर यावर आहे की निवड कर्म बघून झालेलीच नाही. रोमकरांस पत्राच्या 9व्या अध्यायात पौल म्हणतो, याकोब आणि एसाव जन्मलेही नव्हते, त्यांनी बरं-वाईट काही केलंही नव्हतं, तेव्हाच देवाने ठरवलं होतं.

दुसरा घोळ दोन्ही बाजू एकमेकांबद्दल करतात. ‘कॅल्व्हिनवाल्यांच्या मते माणूस कळसूत्री बाहुली आहे’ आणि ‘आर्मिनियसवाल्यांच्या मते माणूस स्वतःच्या बळावर तरतो’. दोन्ही खोटं. माणूस स्वतःच्या ताकदीवर देवाकडे वळू शकतो, हे मत पाचव्या शतकात पेलाजियसच्या नावाने ओळखलं जाई. तेव्हाचा मोठा धर्मपंडित ऑगस्टीन त्याच्यावर तुटून पडला आणि 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने ते नाकारलं. आर्मिनियसलाही ते मान्य नव्हतं. पहिलं पाऊल देवाच्या कृपेचं, माणूस आपणहून उठू शकत नाही, इथपर्यंत दोघे हातात हात घालून येतात.

फाटा त्यानंतर फुटतो : आलेली कृपा माणसाला परतवून लावता येते का?

कॅल्व्हिनच्या परंपरेत उत्तर आहे, नाही. देव ज्याला निवडतो त्याचं मनच बदलतो, आणि मग तो माणूस खुशीने येतो. फरफटत कोणी येत नाही. पण ज्याला आणायचं ठरलं तो आल्याशिवाय राहत नाही. आर्मिनियस म्हणतो, कृपा माणसाला इतकं मोकळं करते की तो हो म्हणू शकतो, आणि नाहीही. देवाने निवड केली ती कोण विश्वास ठेवील हे आधीच जाणून.

आपल्याकडे यासाठी जवळचा दृष्टान्त आहे. तमिळ श्रीवैष्णवांत याच धाटणीचा वाद झाला आणि त्यातून दोन न्याय रूढ झाले. मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लाने काही करायचं नसतं : मार्जारकिशोर न्याय. माकडाचं पिल्लू आईला घट्ट बिलगतं : मर्कटकिशोर न्याय. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, “म्हणजे आपण माकडवाले!” जवळपास. फक्त आर्मिनियस तिथे हळूच जोडेल की बिलगायला बोटांत बळ आलं तेही आईच्याच दुधाचं.

हा वाद पोथ्यांतच राहिला असं समजू नका. याकोबस आर्मिनियस 1603 पासून हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात शिकवत होता. त्याचा सहकारी गोमारस कडवा कॅल्व्हिनवादी. 1609 मध्ये आर्मिनियस वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन दिलं. मग 1618-19 मध्ये डॉर्ट्रेख्ट (थोडक्यात डॉर्ट) शहरात मोठी धर्मसभा भरली आणि तिने ती कलमं फेटाळली. हल्ली तरुण मुलं ‘ट्यूलिप’ नावाने जे पाच मुद्दे पाठ करतात, ते मूळचे या पाच कलमांना दिलेलं उत्तर. मुद्द्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून फुलाचं नाव फार नंतर चिकटलं. पण धर्माच्या प्रश्नात राजकारण मिसळलेलं होतं. आर्मिनियसवाल्यांची पाठराखण करणारा वृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा सभा संपता संपता, मे 1619 मध्ये, शिरच्छेद झाला. कायदेपंडित ग्रोटियसला जन्मठेप झाली. त्याला लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यात वाचायला पुस्तकं पेटीतून येत. 1621 मध्ये बायकोने त्यालाच त्या पेटीत बसवून बाहेर काढलं, आणि पहारेकऱ्यांनी पुस्तकं समजून पेटी उचलून दिली.

आता दोन्ही बाजू रोजच्या जगण्यावर घासून बघू. वचनांची मोजदाद करून उपयोग नाही. इफिस 1, रोम 9, योहान 6:44 कॅल्व्हिनकडे. 1 तीमथ्य 2:4, मत्तय 23:37, 2 पेत्र 3:9 आर्मिनियसकडे. मिसरचा राजा फारो याचं मन कधी देव कठीण करतो, कधी तो स्वतःच करतो. निर्गमात दोन्ही लिहिलंय. आजीच्या बायबलात रोम 9 च्या समासात पेन्सिलीने काढलेलं एक प्रश्नचिन्ह आहे, बाकी पान कोरं. चाळीस वर्षं रोज वाचूनही तिला ते खोडावंसं वाटलं नाही.

कॅल्व्हिनच्या बाजूची मोठी ताकद म्हणजे आधार. तुमचं तारण तुमच्या पकडीवर अवलंबून नाही. नैराश्यात, आजारात, प्रार्थनेचा शब्दही सुचत नसताना हा आधार काय असतो, ते त्यातून गेलेल्याला विचारा. दुसरी ताकद नम्रतेची. आर्मिनियसवाल्याला एक प्रश्न फार बोचतो : एकाच घरात वाढलेल्या दोन भावांपैकी तुम्ही विश्वास ठेवलात, त्याने नाही, मग फरक कशाचा? तुम्ही जास्त शहाणे होतात म्हणून? याला आमच्याकडे समाधानकारक उत्तर नाही, हे मी मेथडिस्ट असून कबूल करतो.

पण त्याच दोन भावांचा प्रश्न फिरवून विचारला की कॅल्व्हिनवाल्यांनाही घाम फुटतो. फरक देवाने केला, तर दुसऱ्या भावाला का वगळलं? कॅल्व्हिनने स्वतः या ठरावाला थरकाप उडवणारा म्हटलंय. शिवाय सगळ्यांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, या तीमथ्याच्या वचनातल्या ‘सगळ्यांचं’चा अर्थ त्यांना ‘सगळ्या प्रकारच्या लोकांचं’ असा लावावा लागतो. मला तो ओढूनताणून वाटतो. आमच्या मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने 1739 च्या एका प्रवचनात याहून जहाल भाषा वापरली : ही शिकवण देवाला सैतानाहून वाईट ठरवते. त्याचा मित्र जॉर्ज व्हाइटफील्डने जाहीर पत्रातून उत्तर दिलं की निवडलेले कोण हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून तर सर्वांना सुवार्ता सांगायची. आणि तो स्वतः आयुष्यभर उघड्या माळांवर हजारोंना सांगत फिरला. म्हणजे ‘सगळं ठरलेलंच आहे तर सुवार्ता कशाला’ हा टोमणा निदान त्याला लागू पडत नाही. 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लीनेच केलं.

तारण गमावता येतं का? कॅल्व्हिनचं उत्तर सरळ आहे : नाही. आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये हा मुद्दा उघडा ठेवला होता. वेस्ली मात्र म्हणाला, येतं. यातून आमच्या मंडळ्यांत एक जुनी भीती घर करून बसते : काल चिडलो, आज माझं काय? पण कॅल्व्हिनच्या गटातही भीती असतेच, फक्त तिचा चेहरा वेगळा : मी निवडलेल्यांत आहे कशावरून? डॉर्टच्या सभेने अशा जखमेवर फुंकरही घातली आहे. तान्हेपणी गेलेल्या लेकरांच्या निवडीबद्दल विश्वासू आईबापांनी शंका धरू नये, असं तिथे लिहून ठेवलंय. इतक्या रुक्ष कागदात ही ओळ वाचून मी थबकलो होतो.

वसई-गोव्याकडचे कॅथोलिक वाचक विचारतील, आमचं काय? तुमच्याकडे हेच भांडण डॉमिनिकन आणि येशूसंघी (जेझुइट) या दोन धर्मसंघांत झालं. मोलिना नावाच्या येशूसंघीयाने 1588 मध्ये मांडलं की कोण कुठल्या परिस्थितीत काय करील हे देव जाणतो आणि त्यानुसार योजना आखतो. बराच काळ सुनावण्या चालल्या. शेवटी 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच त्या थांबवल्या. देव कोणालाही नरकासाठी नेमत नाही, हे मात्र तुमच्या धर्मशिक्षणात स्पष्ट आहे.

आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत सरमिसळ इतकी आहे की नुसत्या पाटीवरून काही कळत नाही. अमेरिकन मराठी मिशन आणि स्कॉटिश मिशन कॅल्व्हिनच्या वंशातली, मेथडिस्ट वेस्लीच्या. 1970 मध्ये नागपुरात उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं तेव्हा कॅल्व्हिनच्या वळणाचे प्रेस्बिटेरियन आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट एकाच छपराखाली आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले.

भाचीला मी ‘गट सोड’ म्हटलं नाही. स्वतःबद्दल धास्ती खात असेल तर कॅल्व्हिनचा गट तिला सावरेल. बाहेरच्या माणसाबद्दल जीव तुटत असेल तर तिला आमच्याकडे मोकळं वाटेल. एवढं मात्र सांगितलं की कुठेही नाव घालण्याआधी त्या पाळकसाहेबांनी चालवलेल्या एखाद्या अंत्यविधीला जा. तोही जन्मभर चर्चची पायरी न चढलेल्या कोणाच्या तरी. मातीची मूठ टाकल्यावर ते त्या माणसाच्या आईशी काय बोलतात, ते जवळ उभं राहून ऐक.