मायामीत बोट ठरवताना आम्ही कसे फसलो

आई-बाबांना मायामीला नेऊन बोटीत बसवायचा बेत असेल तर आधी हे वाचा. आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत अटलांटाहून गेलो होतो. बाबा वेंगुर्ल्याचे, तरुणपणी रापण ओढलेले. त्यांच्या हातात एकदा इथला गळ द्यायचाच, असं माझ्या डोक्यात होतं.

फेसबुकवर जाहिरात दिसली: मायामीलगतच्या बिस्केन बे या खाडीत सहा तास, मासेमारी, खारफुटीत फिरायला दोन कयाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या), आठ जणांचे ६०० डॉलर. बाकी सगळे हजाराच्या वर सांगत होते. मी खूश. निम्मे पैसे लगेच झेलने, म्हणजे खात्यातून थेट खात्यात, पाठवले, उरलेले धक्क्यावर रोख.

धक्क्यावर कॅप्टनने क्लिपबोर्ड पुढे केला. "इन्शुरन्सचा कागद आहे, सही करा." आईला बोटीत चढवायची घाई, मुलांची कलकल, मी न वाचता सही केली. नंतर कळलं ते असं. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या साध्या बोटीवर सहाच प्रवासी चालतात. त्याहून जास्त न्यायचे तर कोस्ट गार्डने तपासणी करून दिलेलं प्रमाणपत्र लागतं. ते नसलं की हे लोक 'बेअरबोट'चा कागद करतात, म्हणजे बोट तुम्हीच भाड्याने घेतली, जबाबदारीही तुमचीच. खऱ्या बेअरबोटमध्ये कॅप्टन आपण निवडायचा असतो आणि त्याचे पैसे वेगळे द्यायचे असतात. आमचा कॅप्टन बोटीबरोबरच आलेला. म्हणजे वाटेत काही झालं असतं तर कागदावर माझं नाव होतं.

निघताना तो सहज म्हणाला, "कुणी विचारलं तर आपण मित्र आहोत म्हणून सांगा." तिथेच उतरायला हवं होतं.

कयाक पाण्यात सोडायची वेळ आली तेव्हा बाबांनी त्यातली एक पालथी केली, बुडाच्या भोकात बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं. "अरे, हेका बूच खंय?" कॅप्टनने फडक्याचा बोळा कोंबला. दुसऱ्या कयाकला वल्हंच नव्हतं. खारफुटी आम्ही लांबूनच बघितली.

मासे मात्र लागत होते. बाबांनी मॅन्ग्रोव्ह स्नॅपर काढला, आपल्या तांबोशीचा चुलतभाऊच म्हणा. "पिल्लू आहे, सोडून दे," असं ते म्हणेपर्यंत कॅप्टनने तो बर्फात टाकलासुद्धा. अर्ध्या तासाने फ्लोरिडाच्या वन्यजीव खात्याची गस्ती बोट आली. अधिकाऱ्याने पेटी उघडली, मासा पट्टीवर आडवा ठेवला. किमान १० इंच हवा. हा ९ च्या आतबाहेर. मग त्याने विचारलं, "बोटीचे पैसे दिलेत का?"

आणि मी, चाळिशीचा माणूस, म्हणालो, "नाही, मित्र आहोत."

ही थाप माझ्याच गळ्यात आली. परवानाधारक चार्टरवर, म्हणजे कॅप्टनसकट भाड्याने घेतलेल्या बोटीवर, प्रवाशांना मासेमारीचं वेगळं लायसन्स लागत नाही, ते बोटीच्या परवान्यात येतं. मित्राच्या बोटीवर मात्र गळ धरणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचं हवं; सोळा वर्षांखालच्या मुलांना तेवढी सूट. मी, माझा दोस्त आणि बाबा, तिघांकडेही नव्हतं. परराज्यातल्या माणसाला तीन दिवसांचं लायसन्स १७ डॉलरला मिळतं, आणि आम्ही दंडाच्या पावत्या घेऊन उभे. बाबांनी आपली पावती नीट घडी करून खिशात ठेवली. एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

परतल्यावर बँकेला फोन केला. झेलने पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत, एवढंच उत्तर. क्रेडिट कार्ड असतं तर निदान तक्रार तरी नोंदवता आली असती. बोट ठरवतानाच कॅप्टनचं कोस्ट गार्डचं लायसन्स मागा, आणि सहापेक्षा जास्त असाल तर बोटीचं तपासणी प्रमाणपत्रही. सरळ माणूस लगेच दाखवतो.

कोस्ट गार्डला कळवलं. त्यांनी सही केलेला कागद मागितला. त्याचा फोटो मी काढलाच नव्हता. बोटीचा नंबर विचारला. फोन चाळला तर एकच फोटो सापडला, बोटीच्या नाकाशी उभी आई. 'एफएल' आणि पुढचे दोन आकडे स्पष्ट दिसतात, बाकीचे तिच्या ओढणीआड.