मार्कर ग्रिफन 13: मुंबईहून गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी बाइंडिंग

ऑल-माउंटन म्हणजे सगळ्या प्रकारच्या उतारांवर चालणाऱ्या स्कीसाठी हे दमदार बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारी पकड) आहे, पण सगळ्यांसाठी नाही. डिन, म्हणजे पडल्यावर बूट किती जोराला सुटेल याचा आकडा, 4 ते 13. सत्तर किलोच्या मध्यम स्कीअरचं सेटिंग साधारण 5 ते 7 मध्ये येतं, तिथे ते उत्तम. पन्नास किलोच्या नवशिक्याचा आकडा मात्र 4 ला टेकतो. त्याने 4 च्या खालून डिन सुरू होणारं हलकं मॉडेल घ्यावं.

आधी स्की ठरवा. तुमची उंची 170 सेंटिमीटर असेल तर नवख्याला 160, सफाईदार हाताला 170 सेंटिमीटर. पुढे-मागे रॉकर (टोकं वर उचललेली) असेल तर बर्फाला टेकणारी कड आखूड होते, म्हणून 5 सेंटिमीटर जास्त चालतात. ब्रेक (बूट सुटल्यावर स्की थांबवणारे बाइंडिंगचे दांडे) स्कीच्या कमरेएवढा, म्हणजे मधल्या अरुंद भागाएवढा, किंवा त्याहून 15 मिलिमीटरपर्यंत रुंद हवा: 95 मिलिमीटर कमरेच्या स्कीला 100 चा. 120 चा लावलात तर वळताना बर्फात अडकतो.

सर्वात जास्त चुकतं ते फॉरवर्ड प्रेशर, म्हणजे टाचेकडच्या भागाने बुटाला पुढे दिलेला दाब. बूट बसवल्यावर टाचेमागचा स्क्रू बाइंडिंगच्या आवरणाच्या कडेशी सपाट दिसायला हवा. नाहीतर डिनचा आकडा निरर्थक. स्कीला बाइंडिंगची भोकं जिग (भोकांच्या जागा अचूक दाखवणारा साचा) असलेल्या तंत्रज्ञाकडूनच पाडा, कोपऱ्यावरच्या सुताराकडून नव्हे! आणि मुंबईच्या पावसाळ्याआधी स्कीच्या धातूच्या कडांवर मेणाचा जाड थर द्या, गंज आठवड्यात धरतो.